‘फोर्स टू’ की ‘फोर्स इनटू’? जबरदस्तीचं इंग्रजी नीट लिहायचं तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्रजी बातम्यांत कधी ‘ही वॉज फोर्स्ड टू रिझाइन’ दिसतं, कधी ‘ही वॉज फोर्स्ड इनटू रिझायनिंग’. दोन्हींत फरक काय? ‘प्रेशर्ड इनटू’, ‘बुलीड इनटू’ ही त्याच कुळातली का? आणि सध्या ऑफिसात तुमच्यामागे राजीनाम्याचा तगादा लागलाय, त्याबद्दल वरिष्ठांना मेल लिहायचा आहे. त्यात ‘दे आर फोर्सिंग मी फॉर रिझाइन’ हे वाक्य चालेल का?

शेवटचं आधी सांगतो. चालणार नाही. आणि चूक नुसती व्याकरणाची असती तर मी एका ओळीत दुरुस्त करून दिली असती. त्या वाक्यावरून तुम्ही राजीनामा दिलाय की अजून दिलेला नाही, हेच वाचणाऱ्याला कळत नाही. मेल पाठवायच्या आधी एवढं वाचून घ्या.

मी मराठी-इंग्रजी कागदपत्रांची भाषांतरं करतो: प्रतिज्ञापत्रं, जबाब, करारनामे, वकिलांच्या नोटिसा. त्याआधी बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर एजन्सीच्या इंग्रजी बातम्या मराठीत आणायचो. दोन्ही ठिकाणी कोणी ना कोणी कोणाला तरी काहीतरी करायला लावतच असतं, त्यामुळे ही वाक्यं हाताखालून भरपूर गेली आहेत.

आधी सांगाडा पाहू. ‘फोर्स’च्या पाठोपाठ ज्याच्यावर जबरदस्ती झाली तो माणूस येतो. मग दोन वाटा फुटतात. ‘टू’ घेतलंत तर पुढे क्रियापद मूळ रूपात: ‘दे फोर्स्ड हिम टू रिझाइन’. ‘इनटू’ घेतलंत तर पुढे आयएनजी लावलेलं रूप किंवा सरळ नाम: ‘दे फोर्स्ड हिम इनटू रिझायनिंग’, ‘दे फोर्स्ड हिम इनटू अर्ली रिटायरमेंट’. ‘फोर्स्ड इनटू रिझाइन’ होत नाही, ‘फोर्स्ड टू रिझायनिंग’ होत नाही, आणि ‘फॉर’ला तर इथे थाराच नाही. हा ‘फॉर’ आपल्या ‘साठी’मधून येतो. राजीनाम्यासाठी दबाव, सहीसाठी तगादा, लग्नासाठी घाई. मराठीत हे अगदी शुद्ध आहे, म्हणून हात आपोआप ‘फॉर’कडे जातो. ‘दे फोर्स्ड मी दॅट आय शुड साइन’ हे त्याचंच भावंड. तिथे आपला ‘की’ डोकावतो.

अर्थाचं म्हणाल तर राजीनाम्याच्या तुमच्या दोन वाक्यांत फारसं अंतर नाही. दोन्हींत राजीनामा पडलेला आहे. कान तयार झाला की एवढं जाणवतं की ‘फोर्स्ड टू’मागे माणूस असेलच असं नाही. पावसामुळे सामना थांबवावा लागला, गुडघ्याने दगा दिला म्हणून खेळाडूला निवृत्त व्हावं लागलं, अशा ठिकाणी ‘फोर्स्ड टू’ सहज बसतं. ‘इनटू’ आणि आयएनजी आलं की मागे ढकलणारा हात बहुधा दिसतो. नियम म्हणून पाठ करू नका, कारण पुढे नाम असलं की परिस्थितीही ढकलू शकते: आजारपण माणसाला ‘अर्ली रिटायरमेंट’मध्ये ढकलतं, युद्ध माणसांना ‘एक्झाइल’मध्ये, म्हणजे परागंदा व्हायला लावतं. आणि अशा ठिकाणी नामच वापरायचं असेल तर बहुधा ‘इनटू’च लागतो. ‘फोर्स्ड इनटू हायडिंग’, ‘फोर्स्ड इनटू अ कॉर्नर’ या जोड्या ठरलेल्या आहेत.

वस्तू आणि माणूस यांची अदलाबदल केलीत तर ‘इनटू’ जाऊन ‘ऑन’ येतो. ‘दे फोर्स्ड द डील ऑन हिम’: करार त्याच्या गळ्यात मारला, त्याच्यावर लादला. माणसाला कशात तरी ढकललं तर ‘इनटू’, माणसावर काही लादलं तर ‘ऑन’. एवढं पुरे.

आता मुख्य गोष्ट. ‘फोर्स’ हा या रचनेतला फक्त एक मोहरा आहे. त्याच्या जागी इतर बरीच क्रियापदं ठेवता येतात आणि सांगाडा तसाच राहतो. ‘दे बुलीड हर इनटू साइनिंग’: दमदाटी करून तिला सही करायला लावली. ‘ब्लॅकमेल्ड’: भांडं फोडण्याची धमकी देऊन करायला लावली. ‘शेम्ड’: चारचौघांत लाज काढून. ‘नॅग्ड’: सारखी भुणभुण लावून. ‘गिल्टेड’: तुझ्यामुळेच हे सगळं झालं असं मनात भरवून. ‘स्केअर्ड’: घाबरवून. ‘ट्रिक्ड’: फसवून. ‘फ्लॅटर्ड’: हरभऱ्याच्या झाडावर चढवून. ‘टॉक्ड’: बोलून बोलून, गळी उतरवून. शेवटच्या दोन-तीनांत जबरदस्ती नाही, पण चौकट तीच.

मराठी बाजूला काय होतंय बघा. दमदाटी करून, घाबरवून, फसवून, भुणभुण लावून. प्रत्येक वेळी ‘ऊन’ आणि शेवटी ‘लावलं’. कोणत्या मार्गाने केलं ते आपण ‘ऊन’मध्ये सांगतो आणि शेवट काय झाला ते ‘लावलं’मध्ये. इंग्रजी मार्ग क्रियापदात सांगतं आणि शेवट ‘इनटू’मध्ये. हे एकदा डोक्यात बसलं की दोन्हीकडून ये-जा सोपी होते. इंग्रजी वाक्य समोर आलं की क्रियापदाला ‘ऊन’ लावा आणि ‘इनटू’ला ‘करायला लावलं’. इंग्रजीत लिहायचं असेल तर आधी मनात मराठी वाक्य पुरतं म्हणा, त्यातलं ‘ऊन’ हुडकून काढा आणि त्याचं क्रियापद करा. हे न केल्यामुळेच ‘तिला स्वाक्षरी करण्यामध्ये धमकावण्यात आले’ अशी वाक्यं जन्माला येतात. अशी भाषांतरं माझ्याकडे दुरुस्तीला येतात, आणि ती दुरुस्त करण्यापेक्षा पुन्हा लिहिणं परवडतं.

‘इनटू’मधला ‘इन’ विसरू नका. माणूस उंबरठ्याबाहेर उभा होता, त्याला ढकललं आणि तो आत गेला. आत गेला हे महत्त्वाचं. म्हणून ‘दे प्रेशर्ड हिम टू रिझाइन’ आणि ‘दे प्रेशर्ड हिम इनटू रिझायनिंग’ यांत फरक आहे, आणि तो ‘फोर्स’च्या जोडीतल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे. पहिल्यात दबाव आणला, पुढे काय झालं माहीत नाही. दुसऱ्यात दबाव आणला आणि राजीनामा पदरात पाडून घेतला. डेस्कवर हा फरक ‘मंत्र्यावर राजीनाम्यासाठी दबाव’ आणि ‘दबावापुढे नमून मंत्र्याचा राजीनामा’ या दोन मथळ्यांइतका असतो. घाईत दुसरा मथळा लागला आणि मंत्री सकाळी कार्यालयात हजर असले, तर काय होतं ते सांगायला नको.

शंका आली तर वाक्यापुढे ‘बट ही रिफ्यूज्ड’ जोडून बघा. ‘दे प्रेशर्ड हिम टू रिझाइन, बट ही रिफ्यूज्ड’ हे वाक्य तरतं. ‘दे प्रेशर्ड हिम इनटू रिझायनिंग, बट ही रिफ्यूज्ड’ हे आपटतं, कारण आत ढकललेला माणूस बाहेरच उभा राहिला असं सांगता येत नाही. ‘फोर्स’चं मात्र ‘टू’ लावूनही आपटतं. त्या क्रियापदातच शेवट भरलेला आहे. प्रयत्न झाला पण जमलं नाही असं म्हणायचं असेल तर ‘ट्राय’ लागतोच: ‘दे ट्राइड टू फोर्स मी इनटू साइनिंग’. किंवा नकार: ‘दे कुड नॉट बुली मी इनटू साइनिंग’. हे दुसरं वाक्य मला विशेष आवडतं. त्यात समोरच्याची दांडगाई आणि आपला ठामपणा दोन्ही एका दमात येतात.

मराठीत याच जागी ‘लागणं’ आणि ‘लावणं’ यांचा खेळ आहे. ‘राजीनामा द्यावा लागला’ यात कर्ता कोण ते सांगितलेलं नाही. मंदी असेल, तब्येत असेल, साहेब असेल. ‘राजीनामा द्यायला लावला’ म्हटलं की कोणीतरी बोट दाखवण्याजोगा आहे. इंग्रजीत पहिल्याला ‘हॅड टू’, दुसऱ्याला ‘वॉज मेड टू’. आणि इथे एक खाचखळगा आहे: ‘दे मेड हिम साइन’ लिहिताना ‘टू’ नाही, पण उलटून ‘ही वॉज मेड टू साइन’ लिहिताना ‘टू’ हवाच. चांगली इंग्रजी लिहिणारी माणसंही इथे ठेचकाळतात.

‘लीन ऑन’बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण या विषयात सर्वांत जास्त फसवणारं तेच आहे. एरवी त्याचा अर्थ टेकणं किंवा विसंबणं. ‘शी लीन्स ऑन हर सिस्टर’: ती बहिणीच्या आधाराने उभी आहे. पण ‘द मिनिस्टर लीन्ड ऑन द एडिटर टू ड्रॉप द स्टोरी’ यात मंत्रिमहोदय संपादकावर विसंबलेले नाहीत. बातमी गाळा म्हणून त्यांनी दडपण आणलं. आपल्याकडे याला ‘वरून फोन आला’ म्हणतात. लेखी काही नसतं, धमकीही उघड नसते, पण ऐकणाऱ्याला सगळं समजतं. ओळखायची खूण म्हणजे पुढचा ‘टू’ आणि क्रियापद. आणि इथे ‘इनटू’ नाही, म्हणून बातमी खरोखर गाळली गेली की संपादकाने छापलीच, ते पुढची ओळ वाचल्याशिवाय ठरवू नका.

एक उदाहरण जरा सविस्तर देतो, कारण क्रियापद निवडण्यात काय पणाला लागतं ते त्यातून कळेल. परदेशात राहणाऱ्या एका बाईंचं मराठी टिपण माझ्याकडे इंग्रजी करायला आलं होतं. वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा सोडल्याचं हक्कसोडपत्र त्यांच्या सहीने झालेलं होतं आणि आता त्यांना ते मान्य नव्हतं. आपल्याकडे हे घरोघरी आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, केंद्राने २००५ मध्ये हिंदू कुटुंबांतल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्याचा अर्थ आणखी स्पष्ट केला, आणि तरीही ‘ताई, एवढी सही कर’ हे वाक्य काही थांबलेलं नाही. टिपणात एकच ओळ होती: ‘मला सही करायला भाग पाडलं.’ तिचं सरळ इंग्रजी ‘आय वॉज फोर्स्ड टू साइन’. लिहून मोकळं होता आलं असतं.

मी फोन करून विचारलं, भाग पाडलं म्हणजे नेमकं काय झालं? कोणी धमकी दिली? नाही. कोणी कोंडून ठेवलं, पासपोर्ट काढून घेतला? नाही, असं कसं करतील, भाऊच आहे. मग? हळूहळू एकेक निघत गेलं. परतीचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. आई दवाखान्यात होती. सकाळी सांगितलं की तालुक्याला जाऊन यायचंय, आईच्या कागदांचं काम आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गर्दी होती, नंबर लागला, अंगठा, फोटो, सह्या. वाचायला मागितलं तर ‘आता वाचत बसलीस तर आपला नंबर जाईल’. तिथे हातघाई नव्हती, आवाजही चढलेला नव्हता. फक्त वेळ दिला नव्हता आणि कागद कसला हे खरं सांगितलं नव्हतं.

याला ‘फोर्स्ड’ म्हणणं म्हणजे आपल्याच हाताने बाजू लंगडी करणं. समोरचा वकील पहिलाच प्रश्न विचारेल: कसली जबरदस्ती? आणि उत्तर नसेल. मी दोन पर्याय लिहून त्यांच्या वकिलांना दिले: ‘आय वॉज रश्ड इनटू साइनिंग’, घाईघाईत सही करायला लावली, आणि ‘आय वॉज मिसलेड इनटू साइनिंग’, दिशाभूल करून सही घेतली. वकिलांनी दुसरा घेतला, कारण कागद कसला हे खोटं सांगितलं हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. घाईचा तपशील वेगळ्या परिच्छेदात आला. ‘फोर्स’ हा शब्द अख्ख्या मजकुरात कुठेही उरला नाही.

वकील यावर इतका का विचार करतात? भारतीय करार कायद्यात, १८७२ च्या, संमती कशी बिघडली याचे कप्पे वेगवेगळे आहेत. कलम १५ मधली जबरदस्ती म्हणजे दंडसंहितेने मना केलेलं कृत्य करणं किंवा करण्याची धमकी देणं, किंवा बेकायदा मालमत्ता अडकवून ठेवणं. कलम १६ मध्ये दुसराच प्रकार: एकाचं दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व असतं आणि त्या जागेचा तो गैरफायदा घेतो. फसवणूक आणि चुकीची माहिती यांची कलमं पुढे आहेत. तुम्ही ‘कोअर्स्ड इनटू’ लिहिलंत की वाचणारा पहिल्या कप्प्याकडे बघतो, ‘ट्रिक्ड इनटू’ लिहिलंत की फसवणुकीच्या. बोलताना आपण सगळ्यालाच ‘जबरदस्ती’ म्हणून मोकळे होतो. कागदावर मात्र क्रियापद हाच आरोप असतो.

हल्लीचं उदाहरण म्हणजे ‘डिजिटल अरेस्ट’. पोलीस किंवा सीबीआयचे अधिकारी असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बसवून ठेवायचं आणि पैसे वळते करून घ्यायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये याच्याविरुद्ध सावध केलं होतं. इंग्रजी बातम्यांत अशा वेळी ‘ड्यूप्ड इनटू’, ‘कोअर्स्ड इनटू’, ‘स्केअर्ड इनटू ट्रान्सफरिंग’ अशी सगळी क्रियापदं सापडतात आणि चूक कुठलंच नाही. वेश खोटा होता म्हणून ‘ड्यूप्ड’, अटकेची धमकी होती म्हणून ‘कोअर्स्ड’, माणूस थरथर कापत होता म्हणून ‘स्केअर्ड’. बातमीदाराने गोष्टीच्या कोणत्या टोकाला हात घातला, ते क्रियापदावरून कळतं.

शब्द निवडताना त्यांचा इतिहासही कामाला येतो, निदान मला तरी तो लक्षात ठेवायला उपयोगी पडतो. ‘प्रेस-गँग इनटू’ ब्रिटिश आरमारातून आला. सतराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या सुरुवातीपर्यंत बंदरांतून खलाशांना पकडून जहाजावर भरती करणाऱ्या टोळ्या असत. अमेरिकी जहाजांवरचेही खलाशी उचलल्यामुळे १८१२ च्या युद्धाला जी कारणं मिळाली, त्यांत हे एक होतं. ‘शांघाय इनटू’ सॅन फ्रान्सिस्को आणि पोर्टलंडच्या बंदरांवरचा. खलाशांना दारू पाजून किंवा गुंगी देऊन लांबच्या जहाजावर चढवायचे, शुद्ध येईपर्यंत किनारा दिसेनासा झालेला. १९१५ च्या अमेरिकी खलाशी कायद्यानंतर तो धंदा बसला. ‘ड्रगून इनटू’ फ्रान्सचा: चौदाव्या लुईने १६८१ पासून प्रोटेस्टंट कुटुंबांच्या घरांत ड्रगून नावाचे घोडेस्वार सैनिक मुक्कामाला घातले, धर्म बदलेपर्यंत त्यांनी घर खाऊन टाकायचं. चार वर्षांनी, १६८५ मध्ये, राजाने त्या लोकांना संरक्षण देणारा नांतचा जाहीरनामाच रद्द केला.

‘बुलडोझ’चं तर उलटंच. ते यंत्रावरून आलं असं वाटतं ना? शब्द यंत्राच्या आधीचा आहे. १८७६ च्या अमेरिकी निवडणुकीच्या सुमारास लुइझियानात कृष्णवर्णीय मतदारांना मारहाण करून, धमकावून मतदानापासून दूर ठेवत, त्याला हा शब्द होता. माती ढकलणारं यंत्र नंतर आलं आणि त्याला ते नाव चिकटलं. ‘विधेयक बुलडोझ केलं’ असं आपल्याकडे संसदेच्या बातम्यांत म्हणतात, तेव्हा नकळत आपण मूळ अर्थाच्या जवळ गेलेलो असतो.

पण सावध राहा: इतिहास जितका रक्तबंबाळ, तितका आजचा वापर हलकाफुलका. ‘आय वॉज ड्रगून्ड इनटू जजिंग द रांगोळी काँपिटिशन’ म्हणणाऱ्याच्या घरात कोणी सैनिक शिरलेले नसतात. सोसायटीच्या गणपतीत सेक्रेटरीने त्याला गाठलेलं असतं. ‘प्रेस-गँग’ही असाच थट्टेत वापरतात. आपल्या ‘वेठीस धरणं’चंही असंच झालं. वेठबिगार ही केवढी क्रूर पद्धत, पण आज संपामुळे प्रवाशांना वेठीस धरलं असं आपण सहज लिहितो. म्हणून गंभीर तक्रारीत ‘ड्रगून्ड’ किंवा ‘शांघायड’ वापरू नका. तुम्ही विनोद करताय असं वाटेल. गंभीर लिहायचं तर ‘प्रेशर्ड’, ‘कोअर्स्ड’, ‘थ्रेटन्ड’, ‘इंटिमिडेटेड’. ‘रेलरोडेड इनटू’ मधलं आहे: विचार करायला उसंत न देता रेटून नेलं. अमेरिकी वळणाचं आहे, पण घाईची तक्रार असेल तर नेमकं बसतं.

आता आपल्या घरच्या सवयींकडे. ‘फोर्स’ हा शब्द आपण मराठीत पार घरगुती करून टाकलाय. ‘फोर्स करू नको ना’, ‘काकूने फोर्स केलं म्हणून अजून एक पोळी खाल्ली’. तो फोर्स नसतो, आग्रह असतो. आणि पंगतीत आग्रह केला नाही तर उलट राग येतो. पण हेच वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत नेऊन ‘माय आन्ट फोर्स्ड मी टू ईट’ म्हटलंत, तर बाहेरच्या माणसासमोर काकूची मूर्ती भलतीच उभी राहते. आग्रहाला ‘इन्सिस्टेड’ किंवा ‘प्रेस्ड मी टू हॅव अनदर’. ‘शी वुडन्ट टेक नो फॉर अ‍ॅन आन्सर’ हे काकूला शोभतं. ऑफिसातही तेच. साहेबांनी दोनदा आठवण केली म्हणजे फोर्स केलं असं होत नाही. ते ‘केप्ट आस्किंग’ झालं, फार तर ‘पुश्ड मी टू’.

‘रोप इन’चंही आपल्याकडे वेगळं झालंय. अमुक नटीला तमुक चित्रपटासाठी ‘रोप इन’ केलं असं सिनेमाच्या इंग्रजी बातम्यांत सर्रास असतं, आणि अर्थ फक्त ‘घेतलं’ एवढाच. इंग्लंडमधल्या माणसाला मात्र ‘आय गॉट रोप्ड इनटू इट’मध्ये अनिच्छा ऐकू येते: नको नको म्हणत होतो, गळ घातली, अडकलो. ‘प्रेशराइझ’ आपण आणि ब्रिटिश लोक माणसांवरही वापरतो. अमेरिकेत तो शब्द विमानाच्या केबिनला आणि टाकीला, माणसाला नुसतं ‘प्रेशर’. तुमची कंपनी अमेरिकी असेल तर मेलमध्ये ‘प्रेशर्ड’ लिहा. ‘आर्म-ट्विस्टिंग’ आपल्या राजकीय बातम्यांचा लाडका शब्द, आणि तिथे तो चालतो. पण ‘इफ यू ट्विस्ट माय आर्म’ असं कोणी गोरा सहकारी हसत म्हणाला तर त्याला आणखी एक चहा हवाय एवढंच समजा.

आता तुमचा मेल. तुमच्या प्रश्नावरून दिसतंय की राजीनामा अजून दिलेला नाही. म्हणजे ‘इनटू’ची वेळ आलेली नाही, आणि येऊ नये म्हणूनच तुम्ही लिहिताय. ‘आय अ‍ॅम बीइंग प्रेशर्ड टू रिझाइन’ हे बरोबर इंग्रजी झालं, पण यावरही मी थांबणार नाही. ‘प्रेशर्ड’ हे तुमचं मत आहे. समोरचा म्हणेल आम्ही फक्त चर्चा केली. त्याआधी घडलेलं लिहा, साध्या वाक्यांत: ‘ऑन मंडे, इन अ मीटिंग विथ माय मॅनेजर अँड अ मेंबर ऑफ द एचआर टीम, आय वॉज टोल्ड टू रिझाइन बाय द एंड ऑफ द डे ऑर बी टर्मिनेटेड.’ वार, कोण हजर होतं, काय म्हणाले. मग: ‘आय हॅव नॉट रिझाइन्ड, अँड आय डू नॉट विश टू.’ ‘टोल्ड’ या शब्दात काहीच भडक नाही, पण ‘ऑर बी टर्मिनेटेड’ शेजारी बसला की वाचणाऱ्याला जे समजायचं ते समजतं. ‘फोर्सिंग’ची गरजच उरत नाही.

उद्या खरंच सही द्यावी लागली, तर मग ‘आय वॉज प्रेशर्ड इनटू रिझायनिंग’. पण तेव्हा समोर येणाऱ्या राजीनाम्याच्या तयार नमुन्याकडे बघा. त्यात बहुतेक वेळा ‘ड्यू टू पर्सनल रीझन्स’ आधीच टाइप केलेलं असतं, किंवा पोर्टलवर कारणांच्या यादीत तेच निवडायला सांगतात. त्यावर तुमची सही असेल आणि महिन्याभराने तुम्ही ‘प्रेशर्ड इनटू’ म्हणालात, तर तुमचेच दोन कागद एकमेकांविरुद्ध उभे राहतात. तो रकाना भरण्याआधी एखाद्या कामगार कायद्याच्या वकिलाला मजकूर दाखवा. भाषांतरकाराचं काम तिथे संपतं.

आणि बैठकीतच, तोंडी, वेळ मागायची असेल तर या कुळातलं सर्वांत सभ्य वाक्य वापरा: ‘आय वुड रादर नॉट बी रश्ड इनटू अ डिसिजन. प्लीज सेंड मी धिस इन रायटिंग, अँड गिव्ह मी टिल फ्रायडे.’ यात कोणावर आरोप नाही, कोणी दुखावत नाही, आणि मागणी लेखी मिळाली तर तुमच्या मेलला जोडायला कागद मिळतो.